पार्किंगमध्ये एकटीने येताजाताना काय काय बघायचं (नवीन गाडी चालवणाऱ्या मैत्रिणींसाठी)

गाडी शिकताना आपल्याला क्लच, ब्रेक, रिव्हर्स, चढावर गाडी कशी उचलायची हे सगळं शिकवतात, पण रात्री त्याच गाडीपर्यंत रिकाम्या पार्किंगमधून एकटीने कसं जायचं हे कुणीच सांगत नाही. मला तर नवीन असताना ट्रॅफिकपेक्षा त्याचीच धास्ती जास्त वाटायची.

गाडी हातात येऊन दोनेक महिने झाले असतील. एका मोठ्या बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये, तिसऱ्या लेव्हलला गाडी लावली होती. सकाळी उशीर झालेला, त्यामुळे पहिली दिसली त्या जागेत घुसवली, पार कोपऱ्यात, पिलरच्या आड, तोंड भिंतीकडे. रात्री खाली आले तर आख्खा मजला रिकामा. दिवे सेन्सरवाले होते, म्हणजे मी चालेन तसतसा एकेक पेटत होता, आणि तेवढ्यात लक्षात आलं की लांबवर माझ्या गाडीच्या डोक्यावरचा दिवा मी पोचायच्या आधीच पेटलेला आहे. म्हणजे तिथे कुणीतरी नुकतंच हललं होतं. फोन काढला तर नेटवर्क शून्य. गाडीला अगदी चिकटून एक बंद व्हॅन उभी. मी दोन पावलं पुढे गेले, थांबले, आणि सरळ मागे फिरून लिफ्टने वर आले, गेटवरच्या गार्डला म्हटलं माझ्यासोबत खाली चला. खाली एक सफाईवाले काका पिलरमागे बादली घेऊन फरशी पुसत होते, बाकी काही नव्हतं. पण घरी येईपर्यंत माझे हात थरथरत होते, आणि एक गोष्ट डोक्यात पक्की बसली, की रात्री माझ्या हातात मागे फिरणं एवढंच उरलं होतं, बाकीचं सगळं सकाळी जागा निवडतानाच ठरून गेलं होतं.

म्हणून हे जे पुढे लिहितेय त्यातलं निम्मं काम गाडी लावतानाच करायचं आहे, तेव्हा डोकं शांत असतं आणि बहुतेक वेळा उजेडही असतो.

त्याआधी एकच. यातलं काही करायचं राहिलं आणि कुणी त्रास दिला, तर चूक त्रास देणाऱ्याचीच, तुमची नाही. कोपऱ्यात गाडी लावली म्हणून कुणाला अंगावर यायचा हक्क मिळत नाही. मी सांगतेय त्या फक्त सवयी आहेत, सीटबेल्टसारख्या.

पहिली पायरी, जागा निवडणं

आत शिरल्याबरोबर मिळेल ती जागा पकडायची घाई करू नका, एक चक्कर मारा. दोन मिनिटं जातात पण कळतं की लिफ्ट कुठे आहे, माणसं कुठून येतात, गार्डची केबिन कुठे आहे, कुठले दिवे बंद पडलेत. जागा शक्यतो लिफ्टच्या किंवा बाहेर पडायच्या दाराच्या नजरेत असावी, दिव्याखाली असावी आणि दोन्ही बाजूंनी मोकळी असावी. पिलर, कचऱ्याचे मोठे डबे, जिन्याखालचा कोनाडा, उघड्या मैदानात असाल तर झुडपं, यांच्या बाजूची जागा सोडा. कॅमेरा असेल तर बरंच, पण कॅमेऱ्यावर विसंबू नका, कॅमेरा रेकॉर्ड करतो, धावून येत नाही. गार्ड आणि येणारीजाणारी माणसं जास्त कामाची.

आणि दिवसा लावताना रात्रीचा विचार करा. दुपारी चारला जी जागा गजबजलेली दिसते ती दुकानं बंद झाल्यावर कशी दिसेल? आजूबाजूच्या गाड्या आठला निघून जाणार असतील तर अकराला तुमची एकटीचीच उरेल. उघड्या पार्किंगमध्ये खांबावर दिवा आहे का ते दिवसासुद्धा मान वर करून बघून घ्यायचं.

जर्मनीत बऱ्याच पार्किंगमध्ये बायकांसाठी वेगळ्या जागा राखलेल्या असतात, एंट्रीजवळ, चांगल्या उजेडात. आपण जिथे जातो तिथे अशी पाटी नसेल तरी कशा प्रकारची जागा शोधायची हे त्यावरून कळतं.

आता गाडी रिव्हर्समध्ये लावायची का सरळ? माझं मत रिव्हर्स. नवीन असताना कंटाळा येतो, मागे कुणी हॉर्न मारत असेल तर घाम फुटतो, तरी शिका, कारण परत आल्यावर बसलं की सरळ पुढे निघता येतं, आणि समोरचा सगळा भाग काचेतून दिसत असतो. एक अडचण आहे, डिकी भिंतीकडे जाते, त्यामुळे भरपूर सामान घेऊन येणार असाल तर भिंत आणि डिकीच्या सांदीत वाकून उभं राहावं लागतं, ते नको. अशा वेळी गाडी सरळ लावा नाहीतर सामान मागच्या सीटवर टाकायचं ठरवा.

उतरायच्या आधी

इंजिन बंद करायच्या आधी आरशांतून एकदा सगळीकडे बघा. कुणी गाडीत नुसतंच बसलेलं आहे, कुणी विनाकारण घुटमळतंय, आणि मनाला पटत नाहीये, तर उतरूच नका, दुसरी जागा बघा. कुणाला काय वाटेल याचा विचार इथे करायचा नाही.

मग जागेचा फोटो काढा, पिलरवरचा नंबर आणि लेव्हल दोन्ही दिसेल असा. रात्री रिमोट दाबत दाबत गाडी शोधत फिरणं हे सगळ्यात वाईट, त्यात वेळ जातो आणि ही बाई एकटी आहे, गाडी सापडत नाहीये हे बघणाऱ्याला लगेच समजतं. आणि वर नेटवर्कमध्ये आलात की लगेच तो फोटो घरच्या कुणाला तरी पाठवून ठेवा. का ते सांगते. जमिनीखाली जीपीएसचा सिग्नल पोचत नाही, त्यामुळे लाइव्ह लोकेशन चालू असलं तरी ते बहुतेक वेळा गेटपाशीच अडकून राहतं, फार तर बिल्डिंग कळते, तुम्ही तिसऱ्या लेव्हलला कुठल्या पिलरपाशी आहात ते कळत नाही. फोटो गेलेला असला की कळतं. नव्या फोनमध्ये सॅटेलाइटवरून मदत मागायची सोय आलीये असं कुणी सांगेल, पण तिला मोकळं आकाश लागतं, बेसमेंटमध्ये तिचा उपयोग नाही.

लॉक करताना बटण दाबून पाठ फिरवायची नाही, हँडल ओढून बघायचं. चोर लोक रिमोटचा सिग्नल जॅम करणारं यंत्र वापरतात, आपल्याला वाटतं लॉक झालं आणि गाडी उघडीच राहते, म्हणजे तुम्ही परत येईपर्यंत कुणीही आत जाऊन बसू शकतो. हँडल ओढायला एक सेकंद लागतो. गाडीच्या आत दिसेल असं काही ठेवू नका, बॅग, लॅपटॉप, पत्ता लिहिलेलं पार्सल, काही नाही. डिकीत ठेवायचं तर आधीच्या ठिकाणीच ठेवून या, इथे सगळ्यांसमोर डिकी उघडून बॅग ठेवून निघून जाणं म्हणजे सांगितल्यासारखंच झालं.

व्हॅलेवाल्याला गाडी देत असाल तर फक्त गाडीची चावी द्या, घराच्या चाव्या जुडग्यातून काढून घ्या. गाडीच्या मॅपमध्ये घर या नावाने नेमका पत्ता सेव्ह केलेला असतो हेही लक्षात ठेवा, मी तिथे घराजवळचा चौक टाकून ठेवलाय.

परत निघताना, दार उघडायच्या आधी

हा भाग लोक विसरतात. पार्किंगमध्ये पाऊल टाकायच्या आधी, जिथे अजून उजेड आहे, माणसं आहेत, नेटवर्क आहे, तिथे थांबून सगळी तयारी करायची. पार्किंगचे पैसे तिथेच भरून टाका, तिकीट हातात किंवा वरच्या खिशात ठेवा, चावी बॅगेच्या तळातून शोधून काढा, फोनवरचं बोलणं संपवा, बाथरूमला जायचं असेल तर जाऊन या. एक हात मोकळा राहील एवढंच सामान उचला, नाहीतर दोन फेऱ्या करा किंवा कुणाला तरी सोबत घ्या. आणि मेसेज टाका, निघतेय, लेव्हल ३, पिलर अमुक, दहा मिनिटांत वर येऊन फोन करते. समोरच्याला आधीच सांगून ठेवायचं की दहाची वीस मिनिटं झाली आणि फोन नाही आला तर काय करायचं, कुणाला फोन लावायचा. नुसता मेसेज पाठवून समोरचा झोपला असेल तर काही उपयोग नाही. उघड्या पार्किंगमध्ये असाल तर व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन चालतं, १५ मिनिटं, १ तास, ८ तास असे तीन पर्याय येतात, रात्री मी १ तास लावते.

फोनमधली एसओएसची सोय आज दिवसाउजेडीच लावून ठेवा. आयफोनवर बाजूचं बटण आणि आवाजाचं कुठलंही एक बटण एकत्र दाबून धरलं, आणि दाबूनच ठेवलं, की उलटी मोजणी सुरू होते आणि आपत्कालीन नंबरला फोन जातो. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर पॉवरचं बटण ५ वेळा पटापट दाबायचं असतं, सेटिंग्जमध्ये सेफ्टी किंवा इमर्जन्सी असं शोधलं की सापडतं. तिथेच घरच्यांचे नंबर घालायचे. जिथे राहता तिथला आपत्कालीन नंबर पाठ पाहिजे, आणि परक्या देशात काहीच आठवलं नाही तर ११२ लावून बघा, जीएसएम या जगभर चालणाऱ्या मोबाईलच्या पद्धतीत तो आपत्कालीन नंबर म्हणून धरलेला आहे.

गार्डला सोबत मागायला लाजू नका. मला सुरुवातीला वाटायचं की काय म्हणतील, एवढं काय घाबरायचं, पण त्यांच्यासाठी ते रोजचं काम आहे. नुसतं म्हणायचं, दादा, गाडीपर्यंत येता का, खाली अंधार आहे. ऑफिसमधून निघत असाल तर दोघीतिघी ठरवून एकत्र निघा, सगळ्यांनी आधी एकीच्या गाडीपाशी जायचं, मग तिने बाकीच्यांना त्यांच्या त्यांच्या गाडीपाशी सोडायचं.

चालताना

लख्ख उजेडातून एकदम अंधारात गेलो की डोळ्यांना पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात, पण पहिल्या मिनिटभरातही पुष्कळ फरक पडतो. म्हणून दाराशी जरा थांबा, नजर बसू द्या, सगळीकडे बघा, मग निघा. फोनचा स्क्रीन बघत चाललात तर ती नजर परत जाते, वर लक्ष फोनमध्ये. हेडफोन काढूनच ठेवायचे, बेसमेंटमध्ये पावलांचा आवाज घुमतो आणि मागे कुणी आहे का ते कानालाच आधी कळतं.

गाड्यांच्या मधल्या सांदीतून जाऊ नका, मधल्या रस्त्याने चाला, अर्थात येणाऱ्या गाड्यांकडे बघून. जिना का लिफ्ट, तर मी लिफ्ट म्हणेन, पण दार उघडल्यावर आतला माणूस ठीक वाटला नाही तर आत जायचंच नाही, काहीतरी विसरल्यासारखं करून मागे फिरायचं, दुसरी लिफ्ट येते. आत असाल तर बटणांच्या बाजूला उभं राहा. आगीच्या जिन्याबद्दल एक लक्षात ठेवा, बऱ्याच इमारतींत त्याची दारं आत जायला उघडतात पण आतून परत मजल्यावर यायला उघडत नाहीत, थेट तळाशी किंवा बाहेरच निघता येतं, त्यामुळे शॉर्टकट म्हणून तिथे शिरू नका.

सेन्सरवाल्या दिव्यांचं मी वर सांगितलंच. जिथे असे दिवे असतील तिथे लांबूनच बघायचं कुठला भाग आधीच पेटलेला आहे, कारण तिथे कुणीतरी हलतंय किंवा आत्ताच हललंय. बहुतेक वेळा तो तुमच्यासारखाच गाडी घ्यायला आलेला असतो. पण उलटंही आहे, कुणी गाडीत नुसतं स्तब्ध बसून राहिलं तर दिवा विझतो, म्हणजे अंधार आहे म्हणजे कुणी नाही असं धरून चालायचं नाही.

कुणी मागे येतंय असं वाटलं तर मान वळवून सरळ त्याच्याकडे बघा. चोरून नाही, सरळ. आणि मग गाडीकडे जाऊच नका, कारण गाडीपाशी गेलं की तुम्हाला थांबावं लागतं, दार उघडावं लागतं. उजेडाकडे, माणसांकडे, गेटकडे चाला.

गाडीपाशी

साधारण पंधरावीस पावलं लांब असतानाच गाडीवरून नजर फिरवा. खाली वाकून एकदा बघता येतं, गाडीखालून आणि पलीकडून पाय दिसतात. बाजूला कोण उभं आहे? तुमच्या ड्रायव्हरच्या दाराला चिकटून मोठी व्हॅन, आणि तिचं सरकतं दार तुमच्या बाजूला, असं असेल तर पलीकडच्या दाराने आत शिरून सरकत ड्रायव्हरच्या सीटवर जा, आणि व्हॅनमध्ये कुणी बसलेलं दिसलं तर तेही करू नका, मागे फिरून गार्डला घेऊन या.

रिमोट लांबून दाबू नका. लांबून दाबलं की इंडिकेटर लुकलुकतात, कुठली गाडी तुमची ते सगळ्यांना कळतं, आणि तुम्ही पोचेपर्यंत दारं उघडी राहतात. अगदी दाराशी आल्यावर उघडा. बऱ्याच गाड्यांमध्ये एकदा दाबलं तर फक्त ड्रायव्हरचं दार उघडतं आणि दोनदा दाबलं तर सगळी, पण ती सेटिंग कधी कधी बंद असते आणि एकदा दाबल्यावर चारही दारं खटकन उघडतात. आज घरी उभं राहून तपासा, एकदा बटण दाबा आणि मागचं दार ओढून बघा. उघडलं तर गाडीच्या मेन्यूमध्ये किंवा मॅन्युअलमध्ये ती सेटिंग शोधून फक्त ड्रायव्हरचं दार असं करून घ्या, नाहीच सापडलं तर सर्व्हिस सेंटरला विचारा. माझ्या मते या आख्ख्या लेखातलं हे सगळ्यात उपयोगी काम आहे.

दार उघडायच्या आधी काचेतून मागच्या सीटवर आणि सीटच्या खालच्या जागेत बघायचं, अंधार असेल तर टॉर्च मारायचा. मग बसायचं, दार ओढायचं, लॉक, इंजिन, बेल्ट, निघायचं. सीट नीट करणं, आरसा, गाणी, मॅप, आलेल्या मेसेजला उत्तर, पावत्या लावणं, यातलं काहीही तिथे नाही. लॉक करून बसलं की सुरक्षित वाटतं आणि आपण आरामात फोन उघडतो, पण खाली मान घालून बसलेली बाई बाहेरून स्पष्ट दिसते. बाहेर या, उजेडात, नेटवर्कमध्ये, मग थांबून काय ते करा. आणखी एक, काही गाड्या आपोआप लॉक होतात पण थोडा वेग घेतल्यावरच, आणि काही गाड्या गिअर पार्कमध्ये टाकला की सगळी दारं परत उघडतात. तुमची काय करते ते माहीत करून घ्या.

लहान मूल सोबत असेल तर मुलाला बाहेरून वाकून सीटवर बांधत बसण्यात पाठ उघडी राहते आणि मिनिटं जातात. त्याऐवजी तुम्हीही मुलासोबत मागेच बसा, आतून लॉक करा, निवांत बेल्ट लावा. सामान आणि बाबागाडीपेक्षा मूल आधी, सामान राहिलं तरी चालेल.

स्कूटरवाल्यांना तर लॉक करायला दारच नसतं. त्यामुळे जागा आणखी नीट निवडायची, रांगेच्या टोकाला, तोंड बाहेर, म्हणजे दोन गाड्यांच्या मधून ओढून काढत बसावं लागत नाही. डिकीत सामान भरणं, स्कार्फ बांधणं, रेनकोट चढवणं हे वर उजेडात उरकून यायचं. हेल्मेटही तिथेच घालून या, पण काच वर ठेवा म्हणजे आजूबाजूचं दिसतं. स्कूटर चालू होत नाही असं कधी कधी होत असेल तर रात्रीच्या आधी दाखवून घ्या. तसंच गाडीतलं पेट्रोल, टायरची हवा, फोनची बॅटरी, हीसुद्धा सुरक्षेचीच कामं समजा. इलेक्ट्रिक गाडी असेल तर फास्ट चार्जिंग ८० टक्क्यांनंतर बरंच मंदावतं, एकाकी चार्जरवर रात्री शंभर टक्के होईपर्यंत बसून राहण्यात अर्थ नाही.

कुणी जवळ आलं तर

इथे आपण बायका सगळ्यात जास्त अडकतो, कारण आपल्याला सगळ्यांशी नीट वागायची सवय लावलेली असते. कुणी पत्ता विचारतं, किती वाजले विचारतं, ताई तुमचा टायर बसलाय म्हणतं, हातात प्लॅस्टर घालून सामान उचलायला मदत मागतं. यातली बहुतेक माणसं खरोखरच साधी असतात. पण अमेरिकेतला खुनी टेड बंडी नेमकं हेच करायचा, १९७४च्या जुलैमध्ये एका तलावाकाठच्या गर्दीत, भर दिवसा, हात झोळीत अडकवून तो एकेका मुलीला विचारत फिरत होता की माझी बोट गाडीवर चढवायला मदत करशील का. ज्यांनी नाही म्हटलं त्यांनी नंतर त्याचं वर्णन पोलिसांना दिलं.

तेव्हा मदत करायची तर अंतर ठेवून करा. हात पुढे करून, तळवा त्याच्याकडे, मोठ्याने म्हणा, तिथेच थांबा, मी गार्डला बोलावते. चांगल्या माणसाला याचा राग येत नाही. ज्याला राग येतो, जो नाही ऐकूनही जवळ येत राहतो, घासाघीस करतो, तुम्हाला उद्धट म्हणतो, त्याच्यापासून निघायचं, उत्तर देत बसायचं नाही.

टायर बसलेला आढळला आणि लगेच कुणी मदतीला हजर झालं, तर गाडीत बसा, लॉक करा आणि हळूहळू तशीच गाडी गेटपर्यंत न्या. टायर जाईल, रिमही खराब होईल, होऊ दे. तसंच बाहेर पडताना मागून कुणी हलकासा धक्का दिला तर निर्मनुष्य जागी उतरू नका, चारही इंडिकेटर (हॅझर्ड लाइट) लावून, हाताने खूण करून, उजेडात आणि माणसांत जाऊन थांबा, तिथून पोलिसांना फोन लावा.

अंगावर आलाच तर

त्याला बॅग हवी असेल, गाडी हवी असेल, तर द्या. त्याच्या हातात देऊ नका, बॅग किंवा चावी एका बाजूला लांब फेका आणि उलट्या दिशेने पळा. पण तो तुम्हाला त्याच्या गाडीत बसायला सांगत असेल, किंवा तुमच्याच गाडीत घालून दुसरीकडे न्यायला बघत असेल, तर माझं ठाम मत आहे की तिथेच, पार्किंगमध्येच जमेल तेवढा विरोध करायचा, आरडाओरडा, लाथा, चावे, खाली बसणं, काहीही. तिथे कुणीतरी येण्याची शक्यता तरी असते, त्याने निवडलेल्या जागी तीही नसते.

गाडीचा हॉर्न हे सगळ्यात हाताशी असलेलं साधन, आत असाल तर तळहाताने दाबूनच धरा. रिमोटवर पॅनिकचं बटण असेल तर तेही. छोटे पर्सनल अलार्म मिळतात, त्यावर १२० डेसिबल किंवा त्याहून जास्त लिहिलेलं असतं, पिन ओढली की वाजतात, ते बॅगेच्या आत नाही, पट्ट्याला बाहेर लावायचे. मिरचीच्या स्प्रेबद्दल सगळ्याजणी विचारतात. काही देशांत त्यावर बंदी आहे, म्हणून आधी कायदा बघा. चालत असेल तर एक्स्पायरीची तारीख बघा, वाऱ्याच्या उलट मारू नका, बंद गाडीत तर मुळीच नाही, तुम्हालाच दिसेनासं होईल. बोटांच्या मध्ये चाव्या धरून ठोसा मारायचं शिकवतात ते मला पटत नाही, जोरात मारलं तर आपलीच बोटं फाटतात, त्यापेक्षा चावी दार उघडायला तयार असू दे.

ओरडताना नेमकं एका माणसाला धरून ओरडा. १९६८मध्ये डार्ली आणि लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवलं की बघणारे जास्त असले की प्रत्येकाला वाटतं दुसरा कुणीतरी जाईल, आणि मदतीला जाणारे कमी होतात. म्हणून नुसतं वाचवा वाचवा नाही, तर अहो निळा शर्ट, तुम्हीच, पोलिसांना फोन लावा, मी या माणसाला ओळखत नाही! शेवटचं वाक्य फार गरजेचं, नाहीतर बघणाऱ्यांना नवराबायकोचं भांडण वाटतं आणि ते लांब राहतात.

आणि यातलं काहीच सुचलं नाही, शरीर गोठून गेलं, आवाजच फुटला नाही, तरी स्वतःला कोसू नका. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर इमर्जन्सी क्लिनिकमध्ये आलेल्या २९८ बायकांचा अभ्यास २०१७मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ७० टक्के बायकांनी सांगितलं की त्या वेळी शरीर असं जखडून गेलं होतं. ते शरीर आपोआप करतं, त्याला संमती म्हणत नाहीत आणि भित्रेपणाही म्हणत नाहीत.

पाठलाग, आणि घरचं गॅरेज

बाहेर पडल्यावर एखादी गाडी मागेच आहे असं वाटलं तर एकाच बाजूला सलग चार वळणं घ्या, त्यात आपण फिरून तिथेच येतो. चारही वळणांत कुणी मागे असेल तर तो योगायोग नाही. घरी जायचं नाही. पोलीस स्टेशन, हॉस्पिटलचं इमर्जन्सीचं दार, चालू पेट्रोल पंप, तिथे जाऊन हॉर्न दाबून धरायचा.

घरचं गॅरेज असेल तर दाराचा रिमोट गाडीत उघड्यावर ठेवू नका, गाडीतल्या कागदांवर पत्ता असतो, दोन्ही मिळालं की घरच उघडलं. आत शिरल्यावर आरशात बघत राहा, मागून कुणी आत आलं नाही आणि दार पूर्ण बंद झालं हे दिसलं की मग उतरा. इंजिन मात्र लगेच बंद करा, बंद गॅरेजमध्ये कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो.

ओळखीच्या माणसाचं काय

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार जगात दर ३ बायकांमागे जवळपास एकीला आयुष्यात कधीतरी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसावी लागते, आणि त्यातली बरीचशी जोडीदाराकडून. म्हणजे पार्किंगमध्ये वाट बघणारा माणूस अनोळखीच असेल असं नाही, त्याला तुमची गाडी, तुमची सुटायची वेळ, तुमची नेहमीची जागा सगळं माहीत असू शकतं. असा कुणी आयुष्यात असेल तर रोज एकच जागा, एकच वेळ ठेवू नका, ऑफिसच्या सिक्युरिटीला त्याचा फोटो आणि गाडीचा नंबर देऊन ठेवा, गाडीची दुसरी चावी कुणाकडे आहे ते आठवा. ॲपलच्या एअरटॅगसारखे, वस्तू कुठे आहे ते फोनवर दाखवणारे छोटे ट्रॅकर सहज मिळतात, ते गाडीत लपवले जातात. २०२४पासून ॲपल आणि गुगल दोघांच्याही फोनवर अनोळखी ट्रॅकर तुमच्यासोबत फिरतोय अशी सूचना येते, ती आली तर झटकून टाकू नका. चाकाच्या आतली कमान, बंपरच्या मागची पोकळी, सीटखाली, डिकीतल्या स्टेपनीपाशी शोधा. सापडला तर तोडू फेकू नका, फोटो काढा आणि पोलिसांकडे न्या, तो पुरावा आहे, आणि तो बंद पडला की लपवणाऱ्याला लगेच समजतं.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या गोष्टींबद्दलही सांगते, कारण नवीन मुली त्याच वाचून घाबरतात. अत्तराचा नमुना हुंगायला देऊन बेशुद्ध करतात, ही गोष्ट वर्षानुवर्षं फिरतेय आणि खोटी आहे, त्यात सांगतात त्या ईथर नावाच्या गुंगीच्या औषधाच्या एका हुंगण्याने कुणी असं कोसळत नाही. एटीएमचा पिन उलटा टाकला की पोलीस येतात हेही खोटं. त्याच्यावर भरवसा ठेवून कुणी वेळ घालवला तर फारच वाईट.

काही झालंच असेल तर

आधी सुरक्षित जागी पोचा, मग ताबडतोब आठवेल ते बोलून रेकॉर्ड करा, गाडीचा नंबर, कपडे, उंची, कुठल्या दिशेला गेला. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग ठरावीक दिवसांनी पुसून त्याच्यावर नवीन चढतं, त्यामुळे पार्किंगवाल्यांना त्याच दिवशी लेखी कळवा की या वेळेचं फुटेज जपून ठेवा. लैंगिक अत्याचार झाला असेल तर शक्य असेल तर अंघोळ न करता, कपडे न धुता, ते कागदी पिशवीत घालून हॉस्पिटलला जा. अंघोळ झाली असेल तरी जा. एचआयव्हीपासून बचावाची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, गर्भ राहू नये म्हणूनची गोळी ५ दिवसांपर्यंत चालते, दोन्ही जितक्या लवकर तितकं चांगलं. तक्रार करायची की नाही हे नंतर ठरवलं तरी चालेल, डॉक्टरकडे मात्र लगेच.

आणि काही झालेलं नसलं तरी एक काम करायचं. बंद दिवा, मोडकं दार, रिकामी केबिन दिसली की पिलरच्या नंबरसकट फोटो काढून पार्किंग चालवणाऱ्यांना मेल टाकायचा. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं, लेखी असलं की उत्तर द्यावं लागतं. मी त्या बेसमेंटबद्दल तीन मेल केले, तिसऱ्यात आमच्या मजल्यावरच्या अकरा जणींची नावं होती, त्यानंतर कोपऱ्यातल्या दिव्यांचे सेन्सर काढून ते कायमचे चालू केले आणि रात्री आठनंतर खाली एक गार्ड बसायला लागला. अजून पलीकडच्या रॅम्पवरचा दिवा बाकी आहे, त्याचा फोटो काल काढलाय.